गोरक्षचे दोन, धनराजचे दोन

मित्रांनो, डबा उघडला की सगळे आत काय आहे ते पाहतात. डब्यावर काय लिहिले आहे ते सहसा कोणी वाचत नाही. मी चार कप्प्यांचा स्टीलचा डबा आहे, आणि आता बराच जुना झालो आहे. माझ्या दोन कप्प्यांवर 'गोरक्ष' असे नाव घातलेले आहे आणि दोन कप्प्यांवर 'धनराज'. या दोन नावांची हकीकत मला तुम्हाला सांगायची आहे. ती थोडी मोठ्यांची आहे. पण मुलांना सगळे समजते, फक्त सांगणाऱ्याने सावकाश सांगावे लागते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. यंत्राने पत्रा दाबला, कडा वळवल्या, आणि चारही कप्पे एकत्र धरून ठेवणारी एक कडी मला बसवली. कडीला वर खटका होता. तो 'टक्' असा वाजला की मला पूर्ण झाल्यासारखे वाटे. तिथून मी नाशिकच्या भांडी बाजारात आलो आणि एका दुकानात बरेच दिवस टांगून होतो. १९९४ साली दिवाळीच्या आधी दोन तरुण आले आणि त्यांनी मला खाली उतरवले.

दुकानदाराने नाव घालायचे यंत्र हातात घेतले. "कोणाचं नाव घालू?"

"वरच्या दोनावर गोरक्ष घाला. खालच्या दोनावर धनराज," उंच तरुण म्हणाला.

"भाऊ भाऊ का?"

"नाय."

"मग दोन नावं कशाला? उद्या डब्याची वाटणी करायची का?"

"वाटणी कशी व्हईल? कडी एकच हाय ना!"

दुकानदार हसला. यंत्राची सुई टिर्र करत माझ्या अंगावर फिरली. थोडे दुखले. पण नाव घातलेल्या भांड्याला कुठल्या तरी घरी जायचे असते, हे मला ठाऊक होते. मी आनंदाने दुखणे सोसले.

उंच तरुण तो गोरक्ष. लासलगावजवळच्या एका खेड्यातला, कांदा पिकवणाऱ्या घरातला. दुसरा धनराज. त्याचे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला होते. दोघे अंबडच्या एका कारखान्यात मोटारींचे सुटे भाग करत आणि सिडकोत कुसाबाईंच्या घरी वरच्या खोलीत राहत. लोक त्यांना रूम पार्टनर म्हणत. तो शब्द खोटा नव्हता, पण अपुरा होता.

मित्रांनो, पुष्कळ घरांत एक बाई आणि एक पुरुष संसार करतात. पण काही पुरुषांचा जीव पुरुषावरच जडतो. तसा या दोघांचा एकमेकांवर जडला होता. एकाला यायला उशीर झाला की दुसरा जिन्यात येऊन उभा राही. एकाचा सदरा उसवला की दुसरा सुई शोधू लागे. मी रोज फळीवरून पाहत असे. मला तो संसारच वाटे.

स्वयंपाक धनराज करी. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, काळ्या मसाल्याची शेवभाजी. गोरक्षला काही करता येत नसे. त्याचे काम एकच. जेवायला बसले की तो कांदा पाटावर ठेवी आणि बुक्की मारून फोडी.

"सुरी आहे ना घरात," धनराज म्हणे.

"कांदा चिरायचा नसतो रे शहरवाल्या. त्याचा अपमान व्हतो."

कारखान्यात दुपारी भोंगा वाजला की दोघे फाटकाजवळच्या झाडाखाली मला उघडत. कोणत्या कप्प्यात काय भरले आहे आणि त्यावर कोणाचे नाव आहे, हे कोणी पाहत नसे. गोरक्षच्या कप्प्यातली उसळ धनराज खाई, धनराजच्या कप्प्यातली भाकरी गोरक्ष मोडी. शेजारी झुंबर नावाचा कामगार बसे. तो धनराजकडे बघून डोळे मिचकावी.

"काय वैनी, आज काय केलंय?"

धनराज मान खाली घाली. गोरक्ष मात्र घास गिळून सावकाश म्हणे, "झुंबर, तुझ्या डब्यात रोज बटाटा. वैनीची खरी गरज तुला हाय." सगळे हसत. झुंबरही हसे आणि माझ्यातली शेवभाजी मागून घेई.

रविवारी आम्ही गोदाकाठी जात असू. तिथे त्यांच्यासारखेच आणखी चौघे-पाचजण येत. पेठकडचा मंगळू नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी आणी आणि जेवता जेवता गाणी म्हणे. सहा-सात हात एकाच वेळी माझ्यात पडत. माझे आयुष्य लांबले आहे, पण तेवढे भरलेले मी पुन्हा कधी नव्हतो. आजही रविवार उजाडला की मला त्या हातांची आठवण येते.

१९९८ च्या उन्हाळ्यात मंगळू खोकत खोकत गावी गेला. परत आला नाही. मग कोणीतरी एड्स हा शब्द दबक्या आवाजात उच्चारला. पुढच्या रविवारी प्रत्येकाने स्वतःचे जेवण कागदात बांधून आणले होते. माझ्यात कोणी हात घातला नाही. काही दिवसांनी लोक यायचेच थांबले. प्रत्येक जण आपल्या घरी बसून स्वतःच्या अंगावरचे डाग तपासत होता आणि ताप आला की दिवस मोजत होता.

वर्षभरात गोरक्षला ताप येऊ लागला. सरकारी दवाखान्यात त्याचे रक्त तपासले. एच.आय.व्ही. निघाला. तो कधी आणि कुठून आला, ते दोघांनाही माहीत नव्हते. धनराजने ते विचारलेही नाही. त्या काळी यावरची औषधे साध्या माणसाच्या आवाक्यात नव्हती. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी दोघांना समोर बसवून सांगितले, "एकत्र जेवल्याने, एका भांड्यातून खाल्ल्याने, हात धरल्याने हा आजार होत नाही. विसरू नका."

धनराज विसरला नाही. तरीही एक चूक त्याच्या हातून झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला भरले ते नावाप्रमाणे. गोरक्षची भाकरी-भाजी गोरक्षच्या दोन कप्प्यांत. स्वतःची स्वतःच्या दोन कप्प्यांत. पाच वर्षांत असे कधी झाले नव्हते. दुपारी गोरक्षने मला उघडले, चारही कप्पे ओळीने मांडले आणि नावे वाचली.

"झाली का रे वाटणी?" तो हसून म्हणाला.

धनराजचा चेहरा उतरला. "मला... मला कळलंच नाही मी असं भरलं."

"मला कळलं," गोरक्ष म्हणाला आणि स्वतःच्याच कप्प्यातली भाकरी मोडून खाऊ लागला.

मित्रांनो, धनराजच्या मनाला सगळे ठाऊक होते. पण भीती मनाला न विचारता हातात उतरते. दुसऱ्या दिवसापासून त्याने सगळे मुद्दाम मिसळून भरले. पण ती एक दुपार त्याला पुसता आली नाही.

डॉक्टरीणबाईंनी धनराजलाही रक्त तपासायला सांगितले होते. तो टाळत राहिला. शेवटी एकदा गेला. मी त्याच्या पिशवीत होतो. बाईंनी कागद पुढे केला आणि म्हणाल्या, "तुम्हाला काही झालेलं नाही."

धनराज दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसला. अशी बातमी मिळाल्यावर माणूस कोणाकडे तरी धावत जातो. धनराजला धावत जाण्यासारखा एकच माणूस होता, आणि नेमके त्यालाच सांगणे त्याला जमेना. भरल्या पोटाने उपाशी माणसापुढे ढेकर द्यावी, तसे त्याला ते वाटले. गोरक्षचे जेवण तेव्हा कमी झाले होते, म्हणून माझा सर्वांत खालचा कप्पा रिकामाच असे. धनराजने कागदाची घडी करून त्यात ठेवली आणि वरचे तीन कप्पे बसवून खटका लावला. आपण निरोगी आहोत ही गोष्ट त्याने चोरीच्या मालासारखी लपवली.

२००१ च्या पावसाळ्यात गोरक्षला दवाखान्यात ठेवावे लागले. धनराज पहिली पाळी संपवून मला घेऊन येई. मऊ खिचडी, ताकभात. गोरक्षचे तोंड आतून सोलून निघाले होते. एक दिवस त्याने खिचडी बाजूला सारली.

"मला कांदा पायजे."

"झोंबेल रे."

"खात नाय. फोडून नुसता हितं ठेव. वास घेऊ दे."

धनराजने दुसऱ्या दिवशी कांदा आणला, खाटेच्या लोखंडी कडेवर ठेवून बुक्की मारली. कांदा घरंगळत खाटेखाली गेला. गोरक्षला इतके हसू आले की खोकला थांबेना. "पाच-सात वर्सं बघतोय, तरी शिकला नाय!" तो म्हणाला. मग धनराजने कांदा शोधून आणला, दाताने सोलला, कसाबसा फोडला आणि उशीपाशी ठेवला.

त्याच आठवड्यात एक गोष्ट घडली. धनराज औषधाच्या रांगेत उभा होता. मी खाटेजवळच्या स्टुलावर होतो. गोरक्षने कांद्याच्या आशेने हात लांबवून मला जवळ ओढले आणि एकेक कप्पा काढत खालपर्यंत आला. त्याला कागद सापडला. त्याने तो उघडून वाचला. त्याच्या स्वतःच्या कागदावर जो शब्द होता, त्याच्या उलट शब्द या कागदावर होता. त्याने पुन्हा एकदा नाव वाचले. मग प्रसाद कपाळाला लावतात तसा तो कागद त्याने कपाळाला लावला. घडी होती तशी केली, जागच्या जागी ठेवली आणि मला नीट बंद केले. तेवढ्यानेही त्याला धाप लागली.

धनराज आला तेव्हा गोरक्ष डोळे मिटून पडला होता. ओठांवर हसू होते. धनराजला वाटले, झोपेत आहे.

मित्रांनो, भांड्याला तोंड असते पण बोलता येत नाही. याचे दुःख मला त्या दिवशी कळले.

दोन दिवसांनी गोरक्षची आई लंकाबाई आणि मोठा भाऊ भिका भेटायला आले. मायलेकांना बोलता यावे म्हणून धनराज मला घेऊन नळावर गेला. धुतलेले वरचे कप्पे त्याने परत परत धुतले. आम्ही परतलो तेव्हा लंकाबाई पदराने डोळे पुसत खाटेपासून उठत होती. ती धनराजकडे पाहून काहीतरी बोलणार होती. पण भिका म्हणाला, "चल आई, गाडी जाईल."

त्यानंतर नवव्या दिवशी गोरक्ष गेला. भाऊ त्याला गावी घेऊन गेला. धनराजला कोणी बोलावले नाही. कारखान्यात त्याने रजा मागितली तेव्हा साहेबाने विचारले, "कोण गेलं तुमचं?"

"रूम पार्टनर, साहेब."

"अरेरे. बरं, मग उद्या या कामावर."

चौथ्या दिवशी भिका खोलीवर आला. त्याने गोरक्षची गादी आणि कपडे अंगणात नेऊन जाळले. खाली कुसाबाई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. "त्याची भांडीपण न्या हो," त्या म्हणाल्या. "आमच्या नळावर धुतलेली चालायची नाहीत."

भिकाने मला उचलले. धनराज पुढे झाला. "भाऊ, एवढा डबा राहू द्या."

"तुमी कोन त्याचे?"

धनराजने माझी कडी धरली.

"माझ्या उज्वलाचं लगीन व्हायचंय अजून. आमच्या घरचं नाव हितं कुठंच राहाया नको," भिका म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता. त्याने खटका काढला, 'गोरक्ष' लिहिलेले दोन कप्पे आणि वरचे झाकण पिशवीत टाकले, आणि 'धनराज' लिहिलेले दोन कप्पे जमिनीवर ठेवून निघून गेला. जी वाटणी होणारच नाही असे गोरक्ष म्हणाला होता, ती अशी झाली.

कडी माझ्याकडेच राहिली. पण ती चार कप्प्यांच्या उंचीची होती. दोन कप्पे तिच्यात खुळखुळत. वर झाकण म्हणून धनराज ताटली ठेवी. कामावर तो मला फडक्यात बांधून नेई. झाडाखाली झुंबर त्याच्याजवळ सरकून बसे. वैनी म्हणायचे त्याने सोडून दिले होते.  तो आपल्या डब्यातला बटाटा धनराजच्या भाकरीवर ठेवी आणि दुसरीकडे पाही.

पुढची वर्षे धनराज कसा जगला ते मी जवळून पाहिले. त्याला कसलाही आजार नव्हता. तरीही दर सहा महिन्यांनी तो रक्त तपासून घेई. डॉक्टरीणबाई म्हणत, "अहो, आता कशाला?" तो म्हणे, "असू द्या." दर वेळी उत्तर तेच येई आणि दर वेळी तो पायरीवर तसाच बसून राही. आजाराने आपल्यालाच का सोडले, असे तो जणू विचारत होता. तो कोणाशी हात मिळवत नसे. गोदाकाठच्या मित्रांपैकी आणखी दोघे गेले. त्यांच्या शेवटच्या दिवसांत धनराज त्यांच्यासाठी डबा घेऊन गेला. ज्यांना भेटायला कोणी येत नसे अशा अनोळखी रोग्यांनाही त्याने रविवारी जेवण नेले आणि त्यांच्याच ताटात तो जेवला. एका दुपारची चूक तो शंभर दुपारी फेडत होता.

काही वर्षांनी सरकारी दवाखान्यांत औषधे मिळू लागली. खाटेला खिळलेली माणसे उठून चालू लागली. धनराजने त्यांना पेढे वाटले. मग जिन्याच्या वळणावर जाऊन भिंतीला डोके टेकले. "थोडं थांबायचं होतंस," एवढेच तो म्हणाला.

त्याने खोली बदलली नाही. मला वाटते, कोणीतरी येईल आणि गोरक्षबद्दल विचारील, याची तो वाट पाहत होता. खालच्या कप्प्यातला कागदही त्याने हलवला नाही. कधी रविवारी तो काढून बघे आणि म्हणे, "सांगायला हवं होतं रे. मी तुला सांगायला हवं होतं." मी फळीवर गप्प.

२००६ च्या चैत्रात एका सकाळी जिन्यात पावले वाजली. कोणीतरी दर दोन पायऱ्यांवर थांबत वर येत होते. दारात लंकाबाई उभी होती. एकटी. काखेत कापडी पिशवी.

"धनराज ना तू? पानी दे बाबा आधी."

ती पाणी प्यायली, भिंतीला टेकून बसली आणि पिशवीतून दोन कप्पे आणि एक झाकण बाहेर काढले. मित्रांनो, मला काय वाटले ते मी कसे सांगू! माझाच अर्धा देह समोर होता. त्याला मातीचा आणि कांद्याच्या बियांचा वास येत होता.

"भिका म्हनला व्हता, भंगारात घाल. मी कांद्याचं बी ठेवलं त्याच्यात. पाच वर्सं त्याच्यातलंच बी टाकलं वाफ्यात. ल्येकाचं नाव घरात कुनी काढत नव्हतं. मी बी काढायच्या निमतानं वाचायची. वाचता येत नाय मला, पन बोट फिरवायची." तिने नावावरून बोट फिरवून दाखवले. मग वर पाहिले. "शेवटी काय मागत व्हता रे तो?"

पाच वर्षांत हे कोणी विचारले नव्हते. धनराज एकदम खाली बसला.

"कांदा, मावशी. बुक्कीनं फोडलेला. खाता येत नव्हता. नुसता वास घ्यायचा."

लंकाबाई हसली आणि हसता हसता रडली. धनराजने तिला सगळे सांगितले. कांदा खाटेखाली कसा गेला ते सांगितले, नावाप्रमाणे भरलेल्या डब्याचेही सांगितले. मग तो म्हणाला, "एक गोष्ट मात्र मी त्याला सांगितली नाही, मावशी. मला काही झालं नव्हतं. तो जात होता आणि मी..."

"ठाव हाय मला."

"तुम्हाला कसं?"

"तू डबा धुवाया गेला व्हता तवा त्यानंच सांगितलं. म्हनला, आई, माझं जाऊ दे, पन धनराज सुटला. खालच्या कप्प्यात कागद हाय, मी वाचला. मला वाईट वाटंल म्हनून लपवतोय येडा. असं म्हनला अन् लय हसला. मी गेल्यावर त्याला सांग, म्हनला. अन् मी पाच वर्सं तोंड शिवून बसले! उज्वलाचं लगीन झालं मागल्या म्हयन्यात, तवा भिकाला सांगून निघाले. आता कुनाला भ्यायचं? माझं लय चुकलं बाबा."

धनराज उठला. त्याने माझ्या खालच्या कप्प्यातून कागद काढला आणि तिच्या हातात दिला. तिला वाचता येत नव्हते. तिने तो कपाळाला लावला. अगदी तसाच. हे फक्त मी ओळखले.

"बरं झालं," ती म्हणाली. "तू राहिला ते लय बरं झालं."

धनराज रडला. इतक्या वर्षांत मी त्याला असे रडताना पाहिले नव्हते. तो जिवंत राहिला याचा आनंद झालेले माणूस त्याला पहिल्यांदाच भेटले होते. खरे तर दुसऱ्यांदा; पहिला गोरक्षच होता, हे आता त्याला कळले होते.

मग लंकाबाईने पिशवीतून एक उन्हाळी कांदा काढला, फरशीवर ठेवला आणि बुक्की मारली. एकाच बुक्कीत त्याच्या चार फाका झाल्या. खोलीभर वास पसरला. दोघे जेवले. जेवण झाल्यावर धनराजने माझे चारही कप्पे घासले, पुसले आणि कडीत बसवू लागला. बसवताना त्याने क्रम पाहिला नाही. गोरक्ष, धनराज, गोरक्ष, धनराज असे ते बसले. खटका 'टक्' वाजला.

तो कागद आता माझ्यात नाही. भिंतीवर गोरक्षचा फोटो आहे, त्याच्या चौकटीत तो खोचला आहे.

मित्रांनो, मला पोचे आले आहेत, पण मी अजून कामावर जातो. तुमच्याकडून मला एवढेच हवे आहे. कोणाच्या घरी दुःख झाले की दाराबाहेर, जरा लांब, एखादा माणूस उभा असतो. तो कोण लागतो ते कोणाला नीट सांगता येत नाही, त्यालाही नाही. त्याच्याजवळ जा. गेलेल्या माणसाला शेवटी काय खावेसे वाटले, ते त्याला विचारा. आणि निघताना त्याला सांगा, तू आहेस ते बरे आहे. हे सांगायला पाच वर्षे लावू नका. आम्हा भांड्यांना बोलता येत नाही, तुम्हाला येते.